गाडी आपोआप चालते तेव्हा चालकाच्या लक्षाचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेल्वे आणि मेट्रोच्या स्वयंचलित गाड्यांबद्दलचे हे प्रश्न प्रवाशांचे आहेत, चालकाच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे आहेत आणि बऱ्याच वेळा चालकांच्या घरच्यांचेही. शब्द बदलतात, पण विचारणं तेच असतं, म्हणून सगळं एका ठिकाणी आणलं आहे. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे सविस्तर आला असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘स्वयंचलित गाडी’ म्हणजे नक्की किती स्वयंचलित?

याच्या ठरलेल्या चार श्रेणी आहेत. पहिल्या श्रेणीत गाडी चालकच चालवतो आणि यंत्रणा राखण करते: वेग मर्यादेबाहेर गेला किंवा गाडी लाल सिग्नल ओलांडू लागली की ती ब्रेक लावते. दुसऱ्या श्रेणीत वेग वाढवणं, कमी करणं आणि फलाटावर नेमक्या जागी थांबणं यंत्र करतं. चालक दारं लावतो, फलाटावर नजर टाकतो आणि निघण्याचं बटण दाबतो. लंडनची व्हिक्टोरिया लाइन १९६८ मध्ये सुरू झाली ती याच पद्धतीने. चालकाने दोन बटणं एकदम दाबायची, की गाडी पुढच्या स्थानकापर्यंत स्वतः जायची. तिसऱ्या श्रेणीत पुढे चालक बसत नाही, मात्र गाडीत एक कर्मचारी असतो. चौथ्या श्रेणीत तोही लागत नाही.

सतर्कतेचा सगळ्यात मोठा पेच दुसऱ्या श्रेणीत आहे, कारण तिथे हातातलं काम जातं आणि जबाबदारी मात्र पूर्वीइतकीच राहते. पुढची बहुतेक उत्तरं तिच्याबद्दल आहेत. पहिल्या श्रेणीतही त्यातलं पुष्कळ लागू पडतं.

२. काम कमी झालं तर चालक उलट ताजातवाना राहायला हवा ना?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि तो अगदी स्वाभाविक आहे. शरीराच्या कष्टाबाबत हे खरं आहे, लक्षाबाबत नाही.

दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसलेल्या माणसांकडून क्षीण खुणा निसटतात असं ब्रिटिश हवाई दलाच्या ध्यानात आलं. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने त्यासाठी एक साधा प्रयोग रचला. कोऱ्या तबकडीवर एक काटा सेकंदागणिक एक टप्पा पुढे सरकतो आणि क्वचित कधीतरी एकदम दोन टप्पे उडी मारतो. ती दुहेरी उडी दिसली की बटण दाबायचं, आणि हे दोन तास करायचं. १९४८ मध्ये त्याने मांडलेला निष्कर्ष आजही टिकून आहे: उड्या हुकायला पहिल्या अर्ध्या तासातच सुरुवात होते. ही माणसं निवडलेली होती, काम सोपं होतं, तरी हे घडलं. क्वचितच काही घडतं अशा गोष्टीकडे एकटक बघत राहणं माणसाच्या मेंदूला फार वेळ जमत नाही.

आता केबिनमध्ये या. हाताने गाडी चालवणारा चालक सतत छोटे निर्णय घेत असतो: इथे चढ आहे, इथून ब्रेक धरायला हवा, आज रूळ ओले आहेत. प्रत्येक निर्णयाचं उत्तर गाडी लगेच देते आणि त्या देवाणघेवाणीत मेंदू जागा राहतो. स्वयंचलनात ही देवाणघेवाणच थांबते. चालक बघत असतो, पण बघण्यातून करायचं काही उरत नाही.

आणखी एक मुद्दा फारसा कोणाला माहीत नसतो. मार्क यंग आणि नेव्हिल स्टँटन या संशोधकांनी २००२ मध्ये असं मांडलं की लक्ष देण्याची क्षमता ठरावीक मापाची नसते. काम घटलं की तीही आक्रसते. म्हणजे रिकाम्या बसलेल्या चालकाकडे लक्षाची शिल्लक साठत नाही. अचानक काही घडलं तर त्याच्याजवळ नेहमीपेक्षा कमीच असतं. म्हणून ‘डोळ्यांत तेल घालून बसा’ असं परिपत्रक काढून काही साधत नाही.

३. कंटाळा, थकवा आणि झोप हे एकच ना?

नाही, आणि या तिन्हींची गल्लत झाली की उपायही चुकतात. झोप अपुरी झाली असेल तर त्यावर झोप हाच इलाज. थकवा विश्रांतीने जातो. कंटाळ्यातून येणारी सुस्ती मात्र रात्रभर छान झोपून आलेल्या माणसालाही येते आणि काम बदललं की काही मिनिटांत उतरते.

पण ही तिन्ही एकत्र आली की एकमेकांना वाढवतात. पहाटे दोन ते सहा आणि दुपारच्या जेवणानंतरचा काळ या वेळी शरीराचं घड्याळच झोपेकडे ओढतं. सलग १७ तास जागं राहिल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखी ढासळते, असं १९९७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं होतं. हातात काम असेल तर असा माणूस स्वतःला काही काळ ढकलत नेऊ शकतो. स्वयंचलित गाडी त्याला ढकलायलाच काही देत नाही, त्यामुळे दडून बसलेली झोप वर येते.

४. डोळे उघडे होते, तरी सिग्नल दिसला नाही असं चालक म्हणतात. ते खरं बोलतात का?

बहुतेक वेळा हो. सूक्ष्म डुलकी काही सेकंदांची असते, तीत डोळे पूर्ण मिटतातच असं नाही आणि ती येऊन गेल्याचं त्या माणसालाही बरेचदा कळत नाही. ताशी १०० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. पाच सेकंद भान हरपलं तर गाडी १४० मीटर पुढे गेलेली असते.

दुसरा प्रकार झोपेचा नाही, सवयीचा आहे. ब्रिटनच्या जुन्या इशारायंत्रणेत सिग्नल हिरवा असेल तर केबिनमध्ये घंटी वाजते आणि पिवळा, दुहेरी पिवळा किंवा लाल असेल तर भोंगा. या तिन्हींना भोंगा एकच. ठरावीक वेळात बटण दाबलं नाही तर ब्रेक लागतो. गर्दीच्या मार्गावर पिवळ्यामागून पिवळे येत राहतात. भोंगा, बटण, भोंगा, बटण हे इतकं अंगवळणी पडतं की हात मेंदूच्या आधी चालतो. मग लाल येतो, भोंगा तोच आणि हातही तसाच पुढे जातो. इशारा पोचला, उत्तर मिळालं, पण मधे माणूस नव्हता.

५. केबिनमध्ये डेडमन पेडल आणि सतर्कतेचं बटण असतं. मग चालक झोपतोच कसा?

या साधनांनी अनेक अपघात टाळले आहेत. पण ती नेमकं काय तपासतात हे समजून घ्यायला हवं.

डेडमन पेडल तपासतं ते वजन. ते सोडलं की ब्रेक लागतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समध्ये वॉटरफॉलजवळ ३१ जानेवारी २००३ रोजी चालकाला हृदयविकाराचा झटका आला. त्याच्या निष्प्राण पायांच्या भाराने पेडल दाबलेलंच राहिलं आणि ताशी ६० किलोमीटर मर्यादेच्या वळणावर गाडी दुपटीच्या जवळपास वेगाने उलटली. चालक धरून सात जण गेले. कॅनडात हिंटनजवळ ८ फेब्रुवारी १९८६ रोजी मालगाडी आणि प्रवासी गाडी समोरासमोर धडकून २३ जण मृत्युमुखी पडले. त्या चौकशीत उघड झालं की काही चालक पेडलवर झिजलेला ब्रेकचा ठोकळा ठेवून देत असत. तासन्‌तास पाय ताणून बसणं किती त्रासाचं असतं याचा विचार पेडल बसवताना झाला नव्हता, हेही त्यासोबत लक्षात घ्यावं.

पुढच्या पिढीतली साधनं हालचाल तपासतात. जर्मनीतल्या ‘सिफा’मध्ये ३० सेकंदांत एकदा तरी पेडल सोडून पुन्हा दाबलं नाही तर दिवा लागतो, अडीच सेकंदांनी आवाज येतो आणि आणखी अडीच सेकंदांनी आपत्कालीन ब्रेक. भारतीय इंजिनांवरच्या ‘व्हीसीडी’ या सतर्कता तपासणाऱ्या यंत्रात साधारण एक मिनिट काहीच हालचाल झाली नाही तर आधी दिवा, मग बझर आणि मग ब्रेक. हे नक्कीच चांगलं आहे. पण एका लयीत बटण दाबण्याची क्रिया अर्धवट झोपेतही होऊ शकते. आणि गाडी हाताने चालत असेल तर थ्रॉटल, ब्रेक, हॉर्न या हालचालींनीच त्या साधनाचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. स्वयंचलनात त्या हालचालीच नसतात, म्हणून बटण दाबणं हेच एक वेगळं काम होऊन बसतं.

साधन आहे, पण चुकीच्या जागी, असंही होतं. न्यू यॉर्कमध्ये १ डिसेंबर २०१३ रोजी ताशी ४८ किलोमीटरच्या वळणावर गाडी १३२ किलोमीटरने शिरली आणि चार जणांचा जीव गेला. सतर्कता तपासणारं यंत्र मागून ढकलणाऱ्या इंजिनावर होतं. चालक बसला होता त्या पुढच्या डब्यात फक्त पेडल. त्या चालकाला झोपेत श्वास अडकण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा, तीव्र विकार असल्याचं निदान अपघातानंतर झालं.

६. यंत्रणा गाडी थांबवतेच, मग चालकाच्या झोपेची एवढी चिंता का?

दोन घटना शेजारी ठेवून बघा. जपानमध्ये २६ फेब्रुवारी २००३ रोजी सान्यो शिंकान्सेन या बुलेट ट्रेनचा चालक ताशी २७० किलोमीटरच्या धावेत सुमारे आठ मिनिटं झोपला होता. गाडी २६ किलोमीटर तशीच गेली आणि ओकायामा स्थानकात स्वयंचलित नियंत्रणाने तिला थांबवलं, फक्त थोडी अलीकडे. कोणालाही ओरखडाही आला नाही. त्यालाही स्लीप ॲप्निया निघाला.

वॉशिंग्टनच्या मेट्रोत २२ जून २००९ रोजी उलटं झालं. गाडी स्वयंचलित पद्धतीवर होती. पुढे उभी असलेली गाडी रुळांतल्या बिघडलेल्या सर्किटमुळे यंत्रणेला दिसलीच नाही. यंत्रणेच्या लेखी मार्ग मोकळा होता. चालक स्त्रीने गाडी दिसताच आपत्कालीन ब्रेक लावला, पण अंतर उरलं नव्हतं. तिच्यासह नऊ जण गेले. ती झोपलेली नव्हती, बेसावधही नव्हती. त्यानंतर तिथे कित्येक वर्षं गाड्या हातानेच चालवल्या गेल्या.

यंत्राला ठाऊक असलेल्या धोक्यापासून यंत्र वाचवतं. त्याला न दिसणाऱ्या धोक्यासाठी आपण माणूस बसवतो. त्याचं लक्ष दहा वर्षांत एखाद्याच वेळी लागेल, पण तेव्हा ते तिथे हवं.

७. यंत्रणा बंद पडली तर चालक लगेच ताबा घेऊ शकतो का?

हात लगेच पोचतो. परिस्थितीचं भान यायला वेळ लागतो. गाडी नेमकी कुठे आहे, वेग किती हवा, पुढचा सिग्नल कोणता, काय बंद पडलंय आणि काय अजून चालू आहे, हे सगळं डोक्यात नव्याने मांडावं लागतं. हाताने चालवत असताना ते चित्र आपसूक तयार असतं. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिलं होतं की सोपं काम यंत्राला दिलं की माणसाकडे उरतं ते सगळ्यात अवघड काम, तेही सरावाशिवाय.

खरा धोका पूर्ण बिघाडात कमी असतो, कारण तेव्हा गाडी बहुधा थांबते. अर्धवट बिघाड आणि यंत्रणेची हद्द संपणं ही जास्त घातक. ब्रिटनमध्ये साउथॉलला १९ सप्टेंबर १९९७ रोजी गाडीची भोंग्याची इशारायंत्रणा (प्रश्न ४) बंद पडलेली होती आणि गाडी तशीच पुढे धाडण्यात आली. अधिक प्रगत संरक्षणयंत्रणा गाडीवर बसवलेली होती, ती चालू केलेली नव्हती. चालकाच्या नजरेतून पिवळे सिग्नल सुटले, लाल दिसला तोवर उशीर झाला होता. सात जण दगावले. वर्षानुवर्षं भोंग्याने सावध होणाऱ्या माणसाकडून आपण त्या दिवशी अचानक भोंग्याविना सावध राहण्याची अपेक्षा केली होती.

स्पेनमध्ये सँटियागोजवळ २४ जुलै २०१३ रोजी ताशी सुमारे २०० किलोमीटरने येणारी गाडी ८० च्या वळणावर आणायचं काम त्या टप्प्यात संपूर्णपणे चालकाच्या आठवणीवर होतं. त्याच सुमारास गाडीतल्या तिकीट तपासनिसाचा कामाचा फोन आला. सुमारे ८० लोक मरण पावले.

८. नव्या केबिनमध्ये सगळं स्क्रीनवर येतं. त्याने लक्ष वाढतं की विभागतं?

दोन्ही. परवानगीचा वेग आणि पुढचं अंतर समोर दिसल्याने धुक्यात, रात्री, अनोळखी मार्गावर मोठा आधार मिळतो. पण नजर स्क्रीनवर खिळते आणि बाहेर कमी जाते. रुळावरचं माणूस, कोसळलेलं झाड, वाकलेली तार स्क्रीनवर उमटत नाही. नव्या पद्धतीच्या प्रशिक्षणात ‘बाहेर कधी बघायचं’ हे वेगळं शिकवावं लागतं. ते आपोआप जमेल असं धरून चालू नये.

९. हाताने चालवण्याचं कौशल्य खरंच कमी होतं का?

होतं. विशेषतः ब्रेकचा अंदाज. ओल्या रुळावर, भरलेल्या डब्यांसह, ठरल्या जागी गाडी उभी करणं हे हाताला आणि पाठीला कळणारं ज्ञान आहे आणि वापर थांबला की ते पुसट होतं. म्हणून काही मेट्रोंमध्ये ठरावीक फेऱ्या मुद्दाम हाताने चालवायला लावतात. वेळापत्रकाला थोडा फटका बसतो म्हणून त्या कापण्याचा मोह व्यवस्थापनाला होतो. माझ्या मते या फेऱ्या कधीही कापू नयेत: सराव तर होतोच, शिवाय त्या दिवशी चालकाचं डोकंही जागं राहतं.

१०. मेट्रो दर दोन मिनिटांनी थांबते. तिथे कंटाळा कसा येईल?

दारं, फलाट, बटण, बोगदा, आणि पुन्हा दारं. घटना पुष्कळ, पण सगळ्या सारख्या. एकसुरीपणा शांततेतून येतो तसा पुनरावृत्तीतूनही येतो. बोगद्यात दिवसाचा उजेड नसतो, तोही एक भाग. मेट्रोत धोका बहुधा फलाटावर दिसतो: दारात अडकलेली पिशवीची दोरी, शेवटच्या क्षणी धावत आलेलं मूल. शेकडो वेळा ‘सगळं ठीक’ बघितल्यावर डोळा न बघताच ‘ठीक’ म्हणू लागतो. सवयीबद्दल प्रश्न ४ मध्ये सांगितलंय तेच इथे घडतं.

११. चालकाच्या डोळ्यांवर कॅमेरा लावला तर?

लंडनजवळ क्रॉयडनमध्ये ९ नोव्हेंबर २०१६ रोजी ताशी २० किलोमीटरच्या वळणावर ट्राम ७३ ने शिरून उलटली, सात प्रवासी गेले. चालकाला बहुधा सूक्ष्म डुलकी लागली असावी असा तपास यंत्रणेचा निष्कर्ष होता, आणि त्याआधीचा टप्पा काम कमी असलेला होता. त्यानंतर तिथल्या ट्राममध्ये डोळे मिटलेले ओळखून आसन थरथरवणारी साधनं बसवली.

मला ही साधनं उपयोगी वाटतात, दोन अटींवर. ती डुलकी लागल्यावर ओळखतात, आधीची मरगळ क्वचितच. त्यामुळे ड्युटीच्या वेळा सुधारायचं काम त्यांच्यावर ढकलता येणार नाही. आणि त्यांची नोंद शिक्षेसाठी वापरली, तर चालक ती साधनं चुकवायला शिकतील. हिंटनचा ब्रेकचा ठोकळा आठवा (प्रश्न ५).

१२. मग सतर्क राहायला प्रत्यक्षात कशाचा उपयोग होतो?

पहिला मान झोपेचा आणि ड्युटीच्या वेळापत्रकाचा. पहाटेच्या लागोपाठ पाळ्या, दोन पाळ्यांमधली तुटपुंजी विश्रांती आणि ऐनवेळी बदललेली ड्युटी यांची भरपाई केबिनमधलं कुठलंही यंत्र करू शकत नाही.

दुसरं, बोट दाखवून मोठ्याने बोलणं. जपानी चालक सिग्नलकडे हात करून त्याची स्थिती उच्चारतो. बाहेरच्याला ते विचित्र वाटतं, पण डोळा, हात, तोंड आणि कान एकाच गोष्टीवर आले की नुसती सवय पुरत नाही. तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेच्या १९९४ च्या चाचणीत दर शंभर कृतींमागे २.३८ चुका होत होत्या, त्या ०.३८ वर आल्या. मात्र हेही मनापासून करावं लागतं. सिग्नल न बघता ‘हिरवा’ म्हणण्याची सवय लागू शकते.

तिसरं, विश्रांतीत १५ ते २० मिनिटांची डुलकी. त्याहून लांब झोपून उठल्यावर डोकं बराच वेळ जड राहतं, म्हणून उठल्याबरोबर गाडी हातात घेऊ नये. कॉफीचा असर व्हायला वीसेक मिनिटं लागतात, त्यामुळे डुलकीच्या आधी घेतलेली जास्त कामी येते. खिडकी उघडणं, चेहऱ्यावर पाणी मारणं याने काही मिनिटंच निभतात.

चौथं, चालकाला खरं काम देणं: हाताने चालवण्याच्या फेऱ्या (प्रश्न ९), मार्गांची अदलाबदल, केबिनबाहेरच्या कामांशी आलटून-पालटून पाळी.

१३. केबिनमध्ये गाणी किंवा गप्पा चालू दिल्या तर?

हलका आवाज सुस्ती कमी करतो हे खरं, पण नेमका महत्त्वाच्या क्षणी तो लक्ष खेचूनही घेऊ शकतो, आणि तो क्षण कोणता हे आधी कळत नाही. गाडी चालवण्याशी जोडलेलं बोलणं, म्हणजे सिग्नल पुकारणं, पुढच्या मर्यादा सांगणं, जास्त सुरक्षित. मोबाइल कुठल्याच कारणाने नको.

१४. सहायक चालक असेल तर प्रश्न सुटतो का?

मदत नक्की होते, जर दोघे एकमेकांना सिग्नल पुकारत असतील आणि धाकट्याला थोरल्याला टोकायची मुभा असेल तर. नाहीतर ‘तो बघतोय’ असं दोघेही धरून चालतात. आणि पहाटे तीनला शरीराचं घड्याळ दोघांचंही एकच असतं.

१५. चालकच काढून टाकला तर हा प्रश्न संपतो?

केबिनमधला संपतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबारा भागात लोहखनिजाच्या अवजड गाड्या २०१८ पासून केबिनमध्ये कोणीही नसताना धावताहेत. लक्ष ठेवणारी माणसं शेकडो किलोमीटर दूरच्या नियंत्रण कक्षात आहेत. त्यांच्या समोर एका गाडीऐवजी अनेक आहेत आणि बहुतेक वेळ काहीच बिघडत नाही. मॅकवर्थची तबकडी (प्रश्न २) तिथे गेली, एवढाच फरक. तरी या रचनेचा एक मोठा फायदा मान्य करायला हवा: तिथे माणसं आळीपाळीने उठू शकतात, चालू शकतात, एकमेकांशी बोलू शकतात.

१६. अपघातानंतर ‘चालकाची चूक’ असं छापून येतं. ते चूक आहे का?

अपुरं आहे. मद्य घेऊन गाडी चालवणं किंवा साधनाला बगल देणं याची जबाबदारी चालकाचीच. पण लक्ष ढळणं ही त्या रचनेत घडणारच अशी गोष्ट असेल, तर पाळ्या कोणी लावल्या, बंद यंत्रणेची गाडी कोणी सोडली, वळणाआधी वेग आपोआप कमी करणारं साधन का नव्हतं, हे विचारल्याशिवाय पुढचा अपघात टळत नाही. वर आलेल्या जवळपास प्रत्येक घटनेत चालकाच्या पलीकडे असं एक तरी कारण सापडलं आहे.

१७. मी चालक आहे. धावत्या गाडीत पेंग येतेय असं जाणवलं तर काय करू?

जाणवतंय तोवर अजून वेळ आहे, पण थोडाच. शेवटची दोन-तीन मिनिटं नीट आठवत नसतील, एखादं स्थानक कधी गेलं कळलं नसेल, बझर वाजल्यावरच हात हलत असेल, तर सूक्ष्म डुलक्या सुरू झाल्यात असंच समजा. ताबडतोब नियंत्रणाला कळवा आणि बदली चालक मागा. ती मिळेपर्यंत सिग्नल मोठ्याने पुकारा, उभं राहून चालवता येत असेल तर उभे राहा, नियम परवानगी देत असतील तर गाडी हाताने चालवायला घ्या आणि पुढच्या सुरक्षित जागी थांबवा. गाडी उशिरा पोचल्याचा खुलासा देता येतो.

पुरेशी झोप घेऊनही हे पुन्हापुन्हा होत असेल, घोरणं जास्त असेल, सकाळी डोकं दुखत असेल, तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घ्या. नोकरी जाईल या भीतीने बरेच जण ती टाळतात. झोपताना श्वसनमार्गात हवेचा दाब देणाऱ्या मशीनने हा विकार आटोक्यात येतो आणि उपचार नीट चालू असलेले चालक अनेक ठिकाणी पुन्हा गाडीवर रुजू होतात. घरच्यांनाही विचारा, झोपेत श्वास थांबतोय हे सगळ्यात आधी शेजारी झोपलेल्या माणसाला कळतं.